जेवायला कुठे बसणार ते आधी ठरवा, केबिन मग बुक करा

सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. मोठं होणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी लाइक ठोकून पुढे जा.

आमच्या ग्रुपवर पुढच्या क्रूझचं चाललंय. रूट झाला, महिना झाला, कोण येणार कोण नाही झालं, आणि गाडी एकदाची केबिनवर आली. तर एका महाशयांनी लिहिलं, "ज्याला जी परवडेल ती केबिन घ्या रे, झोपण्यापुरती तर असते, जेवायला सगळे एकत्रच!" त्याखाली धडाधड अंगठे. हार्ट पण. मी फोन उलटा घालून ठेवला आणि दुपारपर्यंत कोणाशी धड बोलले नाही.

कारण मागच्या वेळी पण हेच वाक्य होतं. जवळजवळ शब्दाला शब्द. आणि अंगठे देणारे पण हेच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आम्ही चार जोड्या. दोन जोड्यांनी इनसाइड घेतली, म्हणजे बिनखिडकीची केबिन, आम्ही बाल्कनी, आणि माझ्या मैत्रिणीने, शाळेपासूनच्या मैत्रिणीने, सुइट, म्हणजे सगळ्यात वरची, महागडी. घेतली तर घेतली, तिची हौस आणि तिचे पैसे, मला त्यात काडीचा प्रॉब्लेम नव्हता आणि आजही नाही (हे मुद्दाम लिहितेय कारण खाली कोणीतरी 'जळतेस का' विचारणारच आहे). बुकिंग नंबर एकमेकांना लिंक करून आठ जणांचं टेबल मागितलं, मेन डायनिंग रूममध्ये, म्हणजे सगळ्यांसाठीच्या मोठ्या रेस्टॉरंटमध्ये, रात्री उशिराच्या पाळीला. मिळालं. झालं की मग, असं वाटलं.

पहिल्या संध्याकाळी ती म्हणाली, अगं आमच्या सुइटवाल्यांचं वेगळं रेस्टॉरंट आहे वर, छोटंसं, चला ना बघू तरी. आम्ही सगळे नटूनथटून वर. दाराशी एक हसतमुख मुलगा, हातात टॅबलेट. तिचं केबिनचं कार्ड टेकवलं, टुंग. तिच्या नवऱ्याचं, टुंग. माझं टेकवलं तर त्याने स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि इतक्या गोड आवाजात 'सॉरी मॅडम' म्हणाला की भांडताही येईना. ती आत गेलेली होती आणि तिचा हात अजून माझ्या कोपराला होता. तिने विचारलं, आम्ही जास्तीचे पैसे भरले तर? नाही. फक्त आजच्या दिवस? नाही. नुसत्या बसल्या आमच्याबरोबर, न जेवता? तो मुलगा फक्त हसत राहिला. दारापलीकडचा गालिचा पण वेगळ्या रंगाचा होता, हे तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, काय म्हणावं.

आता यात त्या मुलाची काही चूक नाही. तो नियम सांगत होता. माझा राग नियमावर आहे, आणि त्याहून जास्त 'बघू गं तिथे गेल्यावर' म्हणणाऱ्या आपल्या माणसांवर आहे.

नियम जवळजवळ सगळीकडे सारखाच असतो: वरचा खाली येऊ शकतो, खालचा वर जाऊ शकत नाही. एवढं समजलं की बाकी काही समजायची गरज नाही. एमएससी या क्रूझ कंपनीचं यॉट क्लब घ्या, सुइटवाल्यांचा वेगळा विभाग, 2008 साली त्यांच्या फँटासिया जहाजावर सुरू झालं, तिथे लाउंज वेगळं, पूल वेगळा, रेस्टॉरंट वेगळं, म्हणजे जहाजाच्या आत अजून एक जहाज. तिथली माणसं अख्ख्या बोटीवर कुठेही फिरू शकतात, बाकीच्यांना तिथलं दार बंद. नॉर्वेजियन कंपनीचं हेवन तसंच. रॉयल कॅरिबियनच्या मोठ्या जहाजांवर वरच्या सुइटवाल्यांसाठी कोस्टल किचन नावाचं रेस्टॉरंट. सेलेब्रिटी कंपनीचं तर अजून मजेशीर, तिथे सुइटवाल्यांना लुमिने रेस्टॉरंट आणि ॲक्वाक्लासवाल्यांना ब्लू, आणि ॲक्वाक्लास म्हणजे काही महाल नाही हो, बाल्कनीचीच केबिन, वर स्पाचे लाड. म्हणजे दोन बाल्कन्या, दोन्हीकडून दिसणारा समुद्र तोच, पण संध्याकाळी एकाचा रस्ता इकडे आणि दुसऱ्याचा तिकडे. आणि यॉट क्लबमध्ये काही जहाजांवर बिनखिडकीची खोली पण मिळते, हे वाचून मी खरंच हसले. खिडकी नाही पण दार आहे. ते दारच तर विकतात.

हो, त्यातल्या त्यात क्यूनार्ड कंपनीवाले सरळ वाटतात मला. त्यांच्या क्वीन मेरी 2 वर, 2004 पासूनचं जहाज आहे ते, केबिनच्या नावातच रेस्टॉरंटचं नाव असतं. ब्रिटानिया घेतलंत तर ब्रिटानियामध्ये जेवायचं, प्रिन्सेस ग्रिल घेतलंत तर तिथे, क्वीन्स ग्रिल घेतलंत तर तिथे. ब्रिटानिया डेक 2 आणि 3 वर, ग्रिल्स डेक 7 वर. खाली म्हणजे खरोखरचं खाली! पण निदान पैसे भरायच्या आधी कळतं की तुम्ही खोली घेत नाही, जेवायची खुर्ची घेताय. बाकीच्यांकडे ही गोष्ट सुइटच्या फायद्यांच्या यादीत कुठेतरी मोठ्या बाथरूम आणि मऊ उशांच्या मध्ये दडलेली असते, आणि उशांचं वाचून आपण खुश.

लगेच कोणीतरी म्हणेल, हे पूर्वीपासूनच आहे. आहे ना. टायटॅनिकवर 1912 साली पहिल्या वर्गाचं डायनिंग सलून आणि दुसऱ्या वर्गाचं, दोन्ही डी डेकवर होती, मध्ये भटारखाना, आणि तो दोघांचा एकच. तिसरा वर्ग दोन मजले खाली, एफ डेकवर. म्हणजे एकाच भटारखान्यातून ताटं दोन दिशांना जायची. पण एक लक्षात घ्या की तेव्हा पहिल्या वर्गाचा माणूस तिसऱ्या वर्गातल्या माणसाला 'चल रे, मिळून सुट्टीला जाऊ' असं म्हणून बोटीवर चढलेला नव्हता. आपण तसं म्हणून चढतो. फरक तो आहे. वर्ग असायला माझी ना नाही, मैत्रीच्या सहलीला जाऊन वर्ग पाडायला आहे.

आणि "ज्याने जास्त पैसे मोजले त्याने वेगळं खाल्लं तर तुझं काय गेलं" हे वाक्य कृपया कमेंटमध्ये नको. दिवसभरात ते ऐकून झालंय. मोजले ना, मान्य, छोटं रेस्टॉरंट आहे, पन्नास जणांनी पन्नास मित्र आणले तर बसवायचं कुठे, तेही मान्य. पुढे?

पुढे हे, की मग रोजचं जेवण उपकार होऊन बसतं. ती पहिल्या रात्री आमच्याबरोबर खाली आली. दुसऱ्या रात्रीही आली. पण बघा, ती खाली 'आली'. आम्ही तिला कधी काही देऊच शकत नव्हतो, आणि ती आम्हाला वर बोलावू शकत नव्हती. रोज तिने तिच्या वाटणीचं काहीतरी सोडायचं आणि रोज आम्ही मनातल्या मनात थँक्यू म्हणायचं, अशी मैत्री किती दिवस चालते? मग एका संध्याकाळी मेसेज आला, तुम्ही सुरू करा, आम्ही डेझर्टला येतो. आले पण. वर सगळं जेवून आले होते, पोटं भरलेली, समोर नुसती कॉफी, आणि आम्ही अजून सुपावर. मेन डायनिंगला दीड-दोन तास सहज लागतात, त्यामुळे ते दोघं आम्हाला जेवताना बघत बसले. कोणाला काही बोलायला सुचेना. समोर भरल्या पोटी बसलेल्या माणसाला किती वेळ 'घे ना थोडं' म्हणणार!

त्यानंतर रोज त्या दोन खुर्च्या रिकाम्या. आमचा वेटर फार चांगला होता, रोज विचारायचा, थांबू का त्यांच्यासाठी? आम्ही म्हणायचो, दहा मिनिटं. दहा मिनिटांनी तो परत यायचा, काही न बोलता. मग एका रात्री गेलो तर टेबलावर सहाच नॅपकिन घड्या घालून ठेवलेले. खुर्च्या पण सहा. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, त्याचं त्यानेच ओळखलं होतं. माझा नवरा म्हणाला, बरं झालं, ऐसपैस झालं. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो नंतर फक्त मेनूकार्डात बघत होता.

आता थोडं शांत होऊन लिहिते, कारण ती पण हे वाचेल.

तिच्या नवऱ्याला एका कानाने कमी ऐकू येतं. ही मेन डायनिंग रूम म्हणजे दोन-तीन मजली उंच हॉल, शेकडो माणसं, काटे-चमच्यांचा आवाज, मध्येच कुणाच्या वाढदिवसाला सगळे वेटर टाळ्या वाजवत फिरतात. त्या गोंगाटात तो बिचारा प्रत्येक वाक्याला नुसता हसायचा. एकदा मी त्याला विचारलं की उद्या किनाऱ्यावर कधी उतरायचंय, तर तो 'हो हो, मस्त' म्हणाला. वरच्या रेस्टॉरंटमध्ये शांतता होती, तिथे त्याला तिचं बोलणं ऐकू यायचं. हे तिने मला शेवटी शेवटी डेकवर फिरताना सांगितलं. त्यावर मी काय बोलणार. खरंच होतं ते. बायको म्हणून मी पण तेच केलं असतं कदाचित.

पण मग हे बुकिंगच्या वेळी सांग ना बाई! आपण चौघी बसून ठरवलं असतं, की दोन रात्री सगळे मेन डायनिंगला, दोन रात्री स्पेशालिटी रेस्टॉरंटला, जिथे वेगळे पैसे भरले की कोणत्याही केबिनचा माणूस आत जातो, कार्डाचा रंग कोणी बघत नाही, जागा लहान असते आणि गोंगाटही कमी. ती बुकिंग आधीच करावी लागतात, आठ जणांचं टेबल आयत्या वेळी कोणी देत नाही. आणि उरलेल्या रात्री ज्याने त्याने आपापलं जेवावं, कोणी कोणाची वाट बघायची नाही, कोणी डेझर्टला यायचं नाही. एवढं साधं होतं. सकाळचा बुफे तर सगळ्यांनाच मोकळा, तिथे सगळे भेटतातच, नाश्त्याला तीन-तीन प्लेट घेऊन. गंमत म्हणजे आमच्या सगळ्यात चांगल्या गप्पा तिथेच झाल्या, प्लास्टिकच्या ट्रेवर, लाइनमध्ये उभं राहून.

आमच्यातली जी दोन जोडपी इनसाइडमध्ये होती त्यांनी मात्र यातलं काहीही मनाला लावून घेतलं नाही. त्यांचं म्हणणं, आम्हाला जेवायला मिळालं, आवरायला लागलं नाही, विषय संपला. अशी माणसं असतात. मला त्यांचा हेवाही वाटतो आणि थोडा रागही येतो.

आणि त्या एजंटचं तर काय सांगू. त्याला स्पष्ट विचारलं होतं की आम्ही आठ जण एकत्र जेवणार, केबिन वेगवेगळ्या, चालेल ना? "मॅडम, बिनधास्त!" बिनधास्त काय बिनधास्त. सगळे खाली बसणार असतील तर बिनधास्त, हे अर्धं वाक्य त्याने गिळलं, कारण ते सांगितलं असतं तर सुइट खपली नसती. खरं तर त्याने एकच प्रश्न विचारायला हवा होता, की संध्याकाळी तुम्ही कुठे बसणार. हा प्रश्न कुठल्याच फॉर्मवर नसतो. उशी कडक हवी की मऊ, हे मात्र दोनदा विचारतात.

तर आता ग्रुपवाल्यांसाठी, कारण तुम्ही सगळे इथे पण आहात आणि गपचूप वाचताय ते मला माहितीये. सुइट घ्यायची ज्याला घ्यायची त्याने खुशाल घ्यावी. मी स्वतः या वेळी पुन्हा बाल्कनीच घेणार, कोणी फुकट दिली तरी एकटी वर जाणार नाही. पण ज्याच्या केबिनबरोबर वेगळं रेस्टॉरंट येतं त्याने आत्ताच लिहायचं की कोणत्या रात्री खाली, कोणत्या रात्री वर, आणि त्याप्रमाणे टेबल मागायचं, आठचं की सहाचं. ज्यांना गोंगाटाचा त्रास होतो त्यांनी तेही लिहा, लाजायचं काय त्यात, हेड वेटरला पहिल्याच दिवशी सांगितलं तर तो कोपऱ्यातलं टेबल बघतो, दारापासून लांब. आणि स्पेशालिटीचं बुकिंग मी करते, पैसे मला आधी पाठवा, नंतर 'हिशोब करू' नको.

एजंट संध्याकाळी सातला फोन करणार आहे. त्याच्या आधी सगळ्यांनी आपापली केबिन आणि आपापल्या रात्री ग्रुपवर टाका. 'बघू' असं ज्याने लिहिलं त्याला मी सहा जणांत धरणार नाही, आठातही नाही.