विषयपत्रिका कुणाच्या हातात?
सत्ता म्हणजे काय, यावरच्या एका लेखात अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट डाल यांची १९५७ची व्याख्या (एरवी जे केलं नसतं ते दुसऱ्याला करायला लावणं म्हणजे सत्ता) देऊन लेखकाने विषय मिटवलाय. हे अर्धंच झालं. १९६२ मध्येच बॅक्रॅक आणि बॅरट्झ या अमेरिकी अभ्यासकांनी दाखवून दिलं होतं की कुठला विषय चर्चेला येऊच द्यायचा नाही, हे ठरवणं ही सुद्धा सत्ताच. आणि ती मतदानाच्या आधीच वापरून होते.

मी एका संस्थेच्या कार्यकारिणीवर होतो. हिशेबतपासणीचा मुद्दा दर वेळी 'ऐनवेळचे विषय' यात ढकललेला, म्हणजे खुर्च्या सरकायला लागल्यावर. कुणी विरोध केला नाही, दमदाटी तर नाहीच. ठरावच आला नाही, तर पडणार काय? डाल यांच्या मोजपट्टीने तिथे सत्ता जवळजवळ शून्य! अध्यक्ष मात्र दर वेळी तेच, तेही बिनविरोध.