लाईक मोजून विजेता ठरवू नका

कोल्हापुरात फुटबॉलच्या कुठल्याही समर्थक ग्रुपवर फोटोची नाहीतर पोस्टरची स्पर्धा जाहीर झाली की खाली एक ओळ ठरलेली असते, ‘सर्वाधिक लाईक मिळवणारा विजेता’. ही ओळ बंद व्हायला पाहिजे. मी अशाच एका ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे. आमच्यात पाटाकडीलची पोरं आहेत, दिलबहारची आहेत, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस, बालगोपाल, फुलेवाडी, अशा गावातल्या सगळ्या संघांची आहेत. मॅच संपल्यावर शाहू स्टेडियमच्या बाहेर एकमेकांकडं बघणार नाहीत अशी माणसं इथं रोज बोलतात. हे टिकावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

लाईकवर निकाल लावला की फोटो कुणी बघतच नाही. लिंक आधी भावकीच्या ग्रुपवर जाते, तिथनं मामाच्या गावाला, तिथनं कामाच्या ठिकाणी. ‘आपल्या पोराचा फोटो हाय, एक लाईक टाका.’ शेवटच्या रात्री दोन वाजता एकाएकी लाईकचा लोंढा येतो. प्रोफाइलला चेहरा नाही, नावापुढं आकडे, मित्रयादीत एकही कोल्हापूरचा माणूस नाही. लाईक विकत मिळतात हे आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. मग ज्याचं नात्यागोत्याचं जाळं मोठं किंवा ज्याचा खिसा जड, तो जिंकतो. आणि उन्हातान्हात मैदानाच्या कडेला बसून ज्यानं फोटो काढला, तो पुढच्या वेळी भाग घेत नाही.

गेल्या हंगामात एका कॉलेजच्या मुलीनं काढलेला फोटो अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. पेनल्टी हुकलेला खेळाडू गुडघ्यावर बसलाय आणि समोरच्याच संघाचा गोलकीपर त्याला हात देऊन उठवतोय. मागं गॅलरीत निम्मी माणसं नाचतायत, निम्मी डोक्याला हात लावून बसलीत. आपल्या गावचा फुटबॉल म्हणजे काय, हे परगावच्या माणसाला एका फोटोत दाखवायचं झालं तर मी हाच दाखवीन. एका पेजच्या स्पर्धेत हा फोटो कुठल्या कुठं मागं पडला आणि ट्रॉफीबरोबरचा एक सेल्फी पहिला आला. त्यानंतर तिनं स्पर्धेला फोटो पाठवणंच बंद केलं. मला राग येतो तो याचा. कोण जिंकलं यापेक्षा कोण निघून गेलं, हे अशा स्पर्धा घेणाऱ्यांनी बघायला पाहिजे.

खासबागेच्या कुस्ती मैदानात पाठ टेकली की कुस्ती चितपट, निकाल सगळ्या मैदानाला दिसतो. फुटबॉलमध्ये चेंडू रेषेपार गेला की गोल. फोटोचं आणि पोस्टरचं तसं नाही. तिथं कुणीतरी जाणत्यानं बघून ठरवावं लागतं, आणि का ठरवलं ते सांगावं लागतं. आमच्याकडं तीन परीक्षक असतात : एक वर्तमानपत्रात काम केलेला छायाचित्रकार, एक चित्रकला शिक्षक, एक जुना खेळाडू. तिघं तीन वेगळ्या पेठांतले. त्यांच्याकडं फोटो जाताना नाव जात नाही, फक्त क्रमांक जातो. निकालाबरोबर प्रत्येक बक्षिसाचं कारण दोन-तीन ओळींत जाहीर होतं. लाईक ज्यांना मोजायचेत त्यांनी खुशाल मोजावेत, ‘लोकांची पसंती’ म्हणून त्या फोटोचं कौतुकही करू. पण ढाल परीक्षकच देतील.

आणखी एक अडचण आता नवी आलीय. कॉम्प्युटरला चार ओळी लिहून दिल्या की भरलेलं स्टेडियम, उडालेला गुलाल, हवेत झेपावलेला गोलकीपर, सगळं तयार मिळतं. दिसायलाही सुंदर असतं. म्हणून मूळ फाइल मागायचीच. ती व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवली तर दाबली जाते आणि कॅमेरा कुठला, वेळ कुठली ही माहिती गळून पडते. तीच डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर माहिती शाबूत राहते. ही माहितीसुद्धा बदलता येते, म्हणून शंका आली तर त्याच मॅचचे आधीचे-नंतरचे चार फोटो मागायचे. मैदानावर खरोखर बसलेल्या माणसाकडं ते असतातच.

फोटोच्या मालकीबद्दलही बोललं पाहिजे. बऱ्याच स्पर्धांच्या नियमांत शेवटी बारीक अक्षरात असतं, ‘आलेल्या सर्व फोटोंचे हक्क आयोजकांकडे राहतील.’ का म्हणून? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं फोटो हा तो काढणाऱ्याचा असतो, आणि काढणारा हयात असेपर्यंत व त्यानंतर ६० वर्षं त्याला संरक्षण असतं. पाचशे रुपयांच्या बक्षिसाच्या आशेनं पोरगा तो हक्क लिहून देतो आणि पुढं त्याचाच फोटो कोपऱ्यातलं नाव कापून चौकातल्या डिजिटल फलकावर झळकतो. आमचा नियम साधा आहे. निकालाच्या पोस्टमध्ये फोटो वापरू, नावासकट. बाकी कुठंही वापरायचा तर त्याला विचारून. दुसऱ्याचा फोटो आपला म्हणून पाठवणाऱ्याला त्या हंगामात पुन्हा भाग नाही, मग तो कुणाचा कोण का असेना.

आता अंदाज वर्तवण्याच्या स्पर्धा. वरवर सगळ्यात सोप्या वाटतात, आणि भांडणं सगळ्यात जास्त इथंच होतात. १८ डिसेंबर २०२२ ची अर्जेंटिना-फ्रान्स फायनल आठवा. त्या महिन्यात आपल्याकडं चौकाचौकांत मेस्सी, नेमार, रोनाल्डो उभे होते, त्यामुळं आठवायला कष्ट पडणार नाहीत. ९० मिनिटांनंतर २-२. जादा वेळेनंतर ३-३. पेनल्टीवर अर्जेंटिना ४-२. आता ‘अचूक स्कोअर सांगा’ या स्पर्धेत २-२ म्हणणारा बरोबर, ३-३ म्हणणारा बरोबर, की अर्जेंटिना जिंकणार एवढंच म्हणणारा बरोबर? नियमात आधी लिहिलं नसेल तर तिघंही बरोबर, आणि तिघंही तुमच्या दारात. नोंदीत सामना ३-३ असा बरोबरीतच राहतो, पेनल्टीचे गोल स्कोअरमध्ये धरत नाहीत. तरी ‘जादा वेळ धरून, पेनल्टी सोडून’ हे पाच शब्द लिहिल्याशिवाय स्पर्धा जाहीर करू नये. दुसरं म्हणजे उत्तराची मुदत रेफ्रीच्या पहिल्या शिट्टीपर्यंत. फेसबुकवर उत्तर नंतर बदललं तर खाली तशी खूण येते आणि आधी काय लिहिलं होतं तेही उघडून बघता येतं. बदललेलं उत्तर बाद, एवढं सांगितलं की निम्मे वाद मिटतात.

आणि पैसे घेऊन अंदाज लावायच्या स्पर्धा कुणीही घेऊ नयेत. ‘फक्त पन्नास रुपये भरा, सगळे पैसे विजेत्याला’ हे ऐकायला मजेचं वाटतं, पण तो जुगार आहे. २०२५ मध्ये केंद्रानं कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणलीय. कायदा बाजूला ठेवला तरी ग्रुपमध्ये नववी-दहावीची पोरं असतात. आपल्या तालमीच्या, म्हणजे संघाच्या, प्रेमापोटी आलेल्या पोराला पैज लावायची गोडी आपल्या हातनं लागता कामा नये. यात मी कधीच तडजोड करणार नाही.

स्पर्धेपेक्षा अवघड काम असतं मॅचनंतरच्या रात्रीचं. मोठी मॅच असली की शेवटची शिट्टी वाजल्यापासून सकाळपर्यंत प्रत्येक पोस्ट आधी आम्ही बघतो, मग सोडतो. यावर नेहमी ओरड होते की ही गळचेपी आहे. काय सोडतो ते आधी सांगतो. प्रशिक्षकाला नावं ठेवा, हुकलेल्या पेनल्टीवर मीम काढा, समोरच्या पेठेला चिडवा, रेफ्रीचा निर्णय चुकला म्हणून पानभर लिहा. सगळं राहतं. चिडवाचिडवी नसेल तर तो कोल्हापूरचा फुटबॉल कसला! टीका काढून टाकायची सवय अ‍ॅडमिनला लागली की ग्रुप मेलाच म्हणून समजा. २०१२ मध्ये फेसबुकवरच्या एका साध्या मतापायी पालघरच्या दोन मुलींना अटक झाली होती. त्यावरून पुढं मोठी लढाई झाली आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं, ऑनलाइन लिहिलेल्या मजकुरावरनं अटक करायला वापरलं जाणारं कलम ६६ अ रद्द केलं. बोलायचा हक्क असा भांडून टिकवलेला आहे, तो आम्ही चार पोरांनी मोबाइलवर बसून काढून घ्यायचा नसतो.

पण काही गोष्टी एक मिनिटही राहत नाहीत. आई-बहिणीवरनं शिवी. खेळाडूच्या घरच्यांचे फोटो. रेफ्रीचा फोन नंबर किंवा पत्ता. जातीवरनं, धर्मावरनं काहीही. आणि आपल्या संघांकडनं खेळायला आलेल्या आफ्रिकन खेळाडूंच्या रंगावरनं केलेली थट्टा. ही शेवटची गोष्ट अनेकांना किरकोळ वाटते, ‘गमतीनं म्हटलंय’ म्हणतात. घरदार सोडून हजारो मैलांवरनं आलेला पोरगा आपल्या पेठेत भाड्यानं राहतो, आपल्या जर्सीत घाम गाळतो. गोल मारला की त्याला खांद्यावर घ्यायचं आणि गोल हुकला की त्याच्या कातडीवर घसरायचं, हे राजर्षी शाहूंच्या गावात चालू द्यायचं? मी तरी चालू देणार नाही.

जुन्या हाणामारीचे व्हिडिओ ही तर फार मोठी डोकेदुखी आहे. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या मारामारीची क्लिप ‘आत्ताच’ असं लिहून कुणीतरी टाकतो आणि अर्ध्या तासात चौकात पोरं जमतात. अशी क्लिप आली की आम्ही आधी रोखतो, मग जर्सी, स्टेडियममधले फलक, स्पॉन्सरची नावं बघून ती कुठल्या हंगामातली आहे ते शोधतो आणि तसं जाहीर करतो. मोबाइलवरच्या एका गोष्टीनं अख्खं शहर कसं पेटतं हे आपण ७ जून २०२३ ला बघितलंय. आक्षेपार्ह स्टेटसवरनं जमाव रस्त्यावर आला, दगडफेक झाली, अश्रुधुराच्या नळकांड्या फुटल्या, इंटरनेट बंद झालं. त्या दिवशी माणसांची दुकानंही फुटली. हे बघितलेल्या माणसानं ‘ग्रुपवर काय येतं त्याच्याशी आपल्याला काय करायचंय’ असं म्हणू नये.

काही अ‍ॅडमिन म्हणतात, कायद्यानं आम्ही जबाबदार नाही. बरोबर आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय की सदस्यानं टाकलेल्या मेसेजसाठी, त्यात अ‍ॅडमिनचा स्वतःचा हात किंवा संगनमत नसेल तर, केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याला गुन्हेगार धरता येत नाही. हा निकाल योग्यच आहे, नाहीतर कुणी अ‍ॅडमिन व्हायला धजावणार नाही. पण गुन्हा दाखल होत नाही म्हणून काम संपत नाही.

नियम कुणाला आधी लावायचा, यावर सगळं अवलंबून असतं. मी ज्या पेठेचा, तिथल्याच पोराची पोस्ट आधी उडवावी लागते. ‘भावा, तू आपलाच हाईस ना?’ असा फोन येतो. हो, आपलाच आहे, म्हणूनच. आपल्या माणसाला एकदा सूट दिली की दुसऱ्या पेठेतल्या सदस्याचा विश्वास त्याच क्षणी उडतो आणि तो परत बसत नाही. म्हणून आमच्यात ज्या संघाबद्दलचा वाद, त्या संघाचा समर्थक असलेला अ‍ॅडमिन निर्णयात नसतो. आणि पोस्ट काढली की कारण सांगायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर अ‍ॅडमिननं मेसेज काढला एवढंच दिसतं, का काढला ते दिसत नाही, आणि रिकाम्या जागेत माणसं वाटेल ते भरतात. त्या सदस्याला वैयक्तिक एक ओळ लिहिली, ‘रेफ्रीवरची टीका ठेव, नंबर काढ आणि परत टाक’, तर दहातले बरेच जण तसं करतात. आपली पोरं तापट आहेत, वाईट नाहीत.

बायका-मुलींचा विषय मुद्दाम वेगळा लिहितोय. मॅच बघायला येणाऱ्या, फोटो काढणाऱ्या, स्वतः खेळणाऱ्या मुली आपल्याकडं आहेत. त्यांनी ग्रुपवर एक फोटो टाकला की त्यांना खासगीत मेसेज सुरू होतात. हे चारचौघांत दिसत नाही, त्यामुळं अ‍ॅडमिनही कानाडोळा करतात. आमच्याकडं असा स्क्रीनशॉट आला की इशारा वगैरे नाही, थेट बाहेर. एका बाजूला टाळ्या आणि दुसऱ्या बाजूला इनबॉक्समध्ये घाण, अशा ठिकाणी कुठली मुलगी थांबेल? शाळकरी पोरांनाही असंच जपलं पाहिजे. बक्षीस मिळालेल्या मुलाचा फोटो, शाळेचं नाव, वर्ग, सगळं आई-वडिलांना न विचारता टाकायची पद्धत आहे, ती थांबवा.

या हंगामासाठी आम्हाला तीन नवे अ‍ॅडमिन हवेत. त्यातल्या निदान दोन मुली असाव्यात आणि ज्या संघांचा माणूस सध्या आमच्यात नाही त्यांना प्राधान्य. मानधन काही नाही, मॅचच्या रात्री झोप कमी मिळेल, हे आधीच सांगतो. फोटो आणि अंदाज स्पर्धांच्या नियमांचा मसुदा मंगळवार पेठेपासून फुलेवाडीपर्यंत सगळ्या संघांच्या समर्थकांना पाठवतोय. त्यात बदल सुचवायचे असतील तर पहिल्या मॅचच्या आधी सुचवा. पेनल्टीचं कलम, मूळ फाइलचं कलम आणि परीक्षकांच्या निवडीचं कलम तेवढं नीट वाचा.