देवाची मातृभाषा आधी विचारून घ्या

बेळगावला येताय म्हणे. या की. फक्त येताना दोन रिकामी खोकी घेऊन या. एकावर ‘मराठी’ लिहा, दुसऱ्यावर ‘कन्नड’. इथे दिसेल तो देव, सण आणि पदार्थ जागच्या जागी कुठल्या तरी एका खोक्यात घालायचा. म्हणजे परत गेल्यावर सीमाप्रश्नावर अधिकारवाणीने बोलता येतं. ही सोय आम्हाला कुणी शिकवलीच नाही. त्यामुळे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून आम्ही गल्लीत एका भाषेत भांडतो, बाजारात दुसऱ्या भाषेत घासाघीस करतो आणि नवस कुठल्या भाषेत बोललो ते देवळाबाहेर येईपर्यंत विसरलेलो असतो.

सुरुवात सौंदत्तीच्या डोंगरापासून करा. देवी रेणुका, म्हणजे जमदग्नींची पत्नी आणि परशुरामाची आई. इथवर सगळं पोथीतलं, तुमच्या ओळखीचं. पुढे ती यल्लम्मा होते आणि आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी यल्लव्वा. मार्गशीर्ष पौर्णिमेला तिचा चुडा उतरतो, माघ पौर्णिमेला पुन्हा चढतो. त्या दिवसांत कोल्हापूरकडच्या गाड्या आणि धारवाडकडच्या गाड्या एकाच घाटात एकमेकींना हॉर्न मारत चढतात. वर पोचल्यावर निम्मे ‘उदं गं आई उदं’ म्हणतात, निम्मे ‘उधो उधो’. या घोषांतून कानडी कुठला आणि मराठी कुठला हे वेगळं काढणं तुमच्यासारख्या अभ्यासूंचंच काम. रांगेत पुढे उभ्या असलेल्या बाईंना विचारा, “मावशी, देवीला मराठी कळतं का हो?” त्या एकदा तुमच्याकडे, एकदा तुमच्या बुटांकडे बघतील आणि परडीतला चिमूटभर भंडारा तुमच्या कपाळाला लावतील.

भंडाऱ्याबद्दल आत्ताच सांगून ठेवतो. तुमच्याकडे भंडारा म्हटलं की पत्रावळी मांडतात. इथे डोंगरावर भंडारा म्हणजे हळदीची पूड. सौंदत्तीला तीच, चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेला तीच, आणि मुठींनी उधळलेली. भंडारा आहे असं ऐकून भुकेल्या पोटी धावलात तर पोट रिकामंच राहील, शर्ट मात्र भरेल. म्हणून शर्ट पांढराच घाला. फोटो चांगले येतात.

फोटोवरून आठवलं. जोगतिणीचा, म्हणजे यल्लम्माला सोडलेल्या बाईचा, फोटो चुकवू नका. कपाळभर हळद, गळ्यात कवड्यांची माळ, डोक्यावर देवीचा जग, म्हणजे मूर्तीची टोपली, शेजारी चौंडकं हे तंतुवाद्य वाजवणारा. खाली ‘परंपरेचे रंग’ असं लिहा. मुली देवाला सोडू नयेत म्हणून कर्नाटकाला १९८२ साली कायदा करावा लागला, तो का करावा लागला आणि त्या बाईचं पुढे काय झालं, हे सगळं फोटोखाली मावत नाही. रंग मात्र मावतात.

आता बैल. बैलालाही रहिवासी दाखला लागतो, हे तुम्हाला निपाणी-चिकोडीकडे कळेल. बेंदूर म्हणजे बैलांचा सण. ज्येष्ठ पौर्णिमेचा तो कर्नाटकी बेंदूर, आषाढातला तो महाराष्ट्रीय बेंदूर. पुढे श्रावण अमावास्येला तुमच्याकडचा पोळा येतोच. शेतकऱ्याला विचारा, “तुमचा बैल नेमका कुठला?” तो सांगेल, “बाजारातला.” हे उत्तर कुठल्याच खोक्यात बसत नाही. सोडून द्या.

शिवजयंतीचं बघितलंत तर १९ फेब्रुवारीची सुट्टी टाकून चित्ररथांची रात्र बघायला येऊ नका, तेव्हा रस्ते मोकळे दिसतील. बेळगावचे चित्ररथ निघतात वैशाखात. शुद्ध द्वितीयेला शिवजयंती आणि दुसऱ्याच दिवशी, अक्षय तृतीयेला, बसव जयंती. तुमच्या दोन खोक्यांची काळजी पंचांगानेच घेतलीय. दोन्हीकडे मंडप घालणारा आणि स्पीकर लावणारा एकच निघाला, तर तुम्ही तिकडे बघितलंच नाही असं समजा.

मधेच कुठेतरी तुम्ही सांगाल की ज्ञानेश्वरांनी विठ्ठलाला कानडा म्हटलंय. जरूर सांगा. प्रत्येक पाहुणा सांगतो आणि आम्ही दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे डोळे मोठे करतो. पाहुणचाराचाच भाग आहे तो.

बाकीचे शब्द झटपट घ्या. दर्शन म्हणजे रांग. प्रसाद म्हणजे जो पिशवीत फुटतो. कुंदा ही बेळगावची दुधाची मिठाई, प्रसाद नव्हे, पण घरी नेऊन ‘देवाचा’ म्हणून वाटलात तर कुणाला कळणार नाही, सगळेच तसं करतात.

खरा कस लागतो तो गावच्या महालक्ष्मी यात्रेत. ती दर वर्षी नसते. गावागणिक तिची वर्षं ठरलेली असतात, मधे एखादी पिढी लहानाची मोठी होते. त्यामुळे आमंत्रण आलं की ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणू नका, पुढच्या वेळी तुम्ही काठी टेकत याल. यात्रेआधी गावात वार पाळतात, त्या दिवशी शेतात औत नाही की खुरपं नाही. अशा दिवशी बांधावर उभं राहून ‘इथले शेतकरी आळशी आहेत का?’ असं अवश्य विचारा. गावकऱ्यांची करमणूक होईल.

मग गाऱ्हाणं. पुजारी देवीसमोर गावातर्फे बोलतो. पाऊस, पीक, गुरंढोरं, पोरांच्या नोकऱ्या, कुणाचं लग्न, कुणाची कूस, सगळं एका दमात. ते मराठीत असेल तर लगेच मराठी खोकं उघडू नका. रथाला हात लावणाऱ्यांत, ओटी घेऊन उभ्या असलेल्या बायकांत आणि फटाक्यांची वर्गणी देणाऱ्यांत निम्म्या घरांत चूल कानडीत पेटते. आणि यात्रा संपताना देवी सीमेकडे जाते असं कुणी म्हणालं, तर एकदम सीमाप्रश्नावरचा १९६७ चा महाजन अहवाल काढू नका. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावाही काढू नका. ती गावची सीम आहे, शेवटच्या शेताच्या पलीकडची. देवीला तिथे जायला तारीख पडत नाही.

राहिलं जेवण. देवीला गोड नैवेद्य, पाहुण्यांना मटण. लिंगायत आणि जैन मित्रांसाठी पलीकडच्या घरी वेगळी चूल, तिच्यावर वांग्याची भाजी आणि होळगी. होळगी म्हणजे तुमची पुरणपोळी, पण हे तिथे मोठ्याने बोलू नका, दोन्ही बाजूंच्या आज्या नाराज होतात. एका घरी जेवून सुटलो असंही समजू नका. ओळख एका घराची असली तरी हाक पूर्ण गल्ली मारते, “या की ओ, हात तरी धुवा.” हात धुतले की पान मांडलेलंच असतं. चौथ्या घरी ‘पुरे’ हे मराठीत सांगून बघा, ‘साकु’ हे कानडीत सांगून बघा. वाढणारी काकू दोन्ही भाषा उत्तम जाणते आणि तेव्हा दोन्ही विसरते. ताटावर हात आडवा धरलात, तर रस्सा नेमका कुठे ओतायचा एवढंच तिला कळतं.