झिम्बाब्वे हे नाव मनाने ठेवलेलं नाही

‘आफ्रिकेतल्या सगळ्या देशांनी गोऱ्यांच्या द्वेषापोटी नावं बदलली, मनाला येतील ती नवी घेतली आणि भिकेला लागले. ऱ्होडेशिया श्रीमंत होता, झिम्बाब्वे कंगाल झाला. तिथले दगडी अवशेषसुद्धा अरबांनी नाहीतर फिनिशियनांनी बांधलेले, काळ्यांना एवढी अक्कल कुठली.’ मामांनी हा फॉरवर्ड घरच्या ग्रुपवर टाकला तेव्हा मी गप्प बसले. आता नववीतल्या भाच्याने तो जसाच्या तसा शाळेच्या प्रकल्पात उतरवलाय, त्यामुळे गप्प बसवत नाही.

सगळ्यात घातक आहे ते अवशेषांबद्दलचं वाक्य. ते शंभर वर्षांपेक्षा जुनं आहे आणि तेव्हाही खोटंच होतं. 1871 मध्ये कार्ल माउख हा जर्मन प्रवासी या अवशेषांपाशी, म्हणजे ग्रेट झिम्बाब्वेला पोचला. तिथल्या तुळईचं लाकूड त्याला आपल्या पेन्सिलीसारखं वाटलं. म्हणजे ते सीडार, म्हणजे लेबनॉनहून आणलेलं, म्हणजे हा बायबलमधल्या शीबाच्या राणीचा वाडा, असं त्याने ठरवून टाकलं. पुरावा एवढाच. हा मुलूख बळकावणाऱ्या सेसिल ऱ्होड्स या ब्रिटिशाच्या कंपनीला ही गोष्ट सोयीची होती, कारण मुलूख स्थानिकांचा नव्हताच असं त्यामुळे म्हणता येत होतं. 1902 मध्ये अवशेषांची देखरेख रिचर्ड हॉलकडे दिली. त्याने जमिनीचे थरच्या थर ‘आफ्रिकी वस्तीची घाण’ समजून उकरून फेकले. खरा पुरावा त्या थरांतच होता.

तरीही सगळं पुसलं गेलं नाही. 1929 मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन या पुरातत्त्वज्ञ बाईंनी न हललेले थर खणले आणि निष्कर्ष निःसंदिग्ध मांडला: बांधकाम मध्ययुगीन आणि आफ्रिकी लोकांचंच. आज ते अकराव्या ते पंधराव्या शतकातलं, शोना लोकांच्या पूर्वजांचं मानलं जातं. चुना न वापरता रचलेल्या तिथल्या भिंती अकरा मीटरपर्यंत उंच आहेत. तिथे चिनी भांड्यांचे तुकडे सापडले, भारतातून गेलेले काचमणी सापडले. सोन्याच्या व्यापाराचं हे ठिकाण होतं. ऱ्होडेशियातल्या इयान स्मिथच्या गोऱ्या राजवटीत मात्र हेच सांगणाऱ्या पीटर गार्लेक या सरकारी पुरातत्त्वज्ञाला 1970 मध्ये देश सोडावा लागला.

देशाचं नाव याच अवशेषांवरून आलं, आणि फॉरवर्डच्या मते ‘मनाला येईल ते’ नाव हे. 1961 मध्येच झापू या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या पक्षाने ते आपल्या नावात घेतलं होतं, 1980 मध्ये ते देशाचं झालं. उलट ऱ्होडेशिया हे नाव 1895 मध्ये ऱ्होड्सच्याच कंपनीने दिलं, तेही तो जिवंत असताना.

बाकीचे मुद्दे झटपट. झिम्बाब्वेची अर्थव्यवस्था कोसळली हे खरंच, 2008 ची महागाई भयंकर होती. पण बेचुआनालँडनेही 1966 मध्ये नाव बदललं. तो आजचा बोत्स्वाना, आणि त्याने हिऱ्यांच्या पैशावर देश उभा केला. नाव बदलल्याने देश बुडतो म्हणणाऱ्याने आधी हे उदाहरण बघावं. ‘सगळ्यांनी’ बदलली हेही चूक: नायजेरिया, केनिया, कॅमेरून यांनी वसाहतकाळातलीच नावं ठेवली.

एक गोष्ट मान्य करावी लागते. प्रत्येक नवं नाव ग्रेट झिम्बाब्वेइतकं घट्ट मातीतलं नाही. प्राचीन घाना राज्य आजच्या घानाच्या वायव्येला शेकडो किलोमीटरवर, मॉरिटानिया-मालीच्या भागात होतं. 1957 मध्ये ते नाव घेतलं, कारण ‘गोल्ड कोस्ट’ (सोन्याचा किनारा) ही युरोपीय व्यापाऱ्यांनी मालावरून पाडलेली ओळख नको होती. काँगोचं झाईर हे नाव तर हुकूमशहा मोबुतूने 1971 मध्ये वरून लादलं, आणि तेही स्थानिक शब्दाचा पोर्तुगिजांनी केलेला अपभ्रंश. 1997 मध्ये त्याची सत्ता गेली आणि काँगो हे नाव परत आलं.