वचन पाळलं कोणी आणि भरलं कोणी?

महाभारतातलं धर्मसंकट म्हटलं की सगळे थेट गीतेकडे धावतात. मला मात्र कर्णपर्वातला एक प्रसंग त्याहून अवघड वाटतो. खरं सांगायचं तर थोडा विनोदीसुद्धा.

युद्धाचा सतरावा दिवस. कर्णाने युधिष्ठिराला इतकं झोडपलंय की राजा रण सोडून शिबिरात येऊन पडलाय. अर्जुन आणि कृष्ण त्याची चौकशी करायला येतात. युधिष्ठिराला वाटतं, कर्णाला मारूनच आलेत. तो हरखून विचारायला लागतो, कसा मारलास, सांग तरी! कर्ण अजून जिवंत आहे हे कळल्यावर मात्र त्याचा तोल सुटतो. नाही नाही ते बोलतो आणि शेवटी म्हणतो, ते गांडीव दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाक.

अर्जुन तलवार उपसतो. कृष्ण विचारतो, अरे, इथे मारण्यासारखं आहे कोण? तर अर्जुनाने म्हणे मनातल्या मनात एक व्रत घेतलेलं आहे: ‘गांडीव दुसऱ्याला दे’ असं जो म्हणेल त्याचं डोकं उडवायचं. आता ते थोरल्या भावाने म्हटलं. वचन तर पाळायलाच हवं!

यावर कृष्ण त्याला आधी चांगला फैलावर घेतो. वडीलधाऱ्यांजवळ बसून तू काही शिकलेला दिसत नाहीस, असं तोंडावर ऐकवतो. मग कौशिकाची गोष्ट सांगतो. नद्यांच्या संगमावर राहणारा हा एक तपस्वी, फारसा शिकलेला नाही, पण कायम खरंच बोलायचं असं व्रत घेतलेला. एकदा काही माणसं दरोडेखोरांच्या भीतीने त्याच्या जवळच्या रानात लपली. पाठोपाठ दरोडेखोर आले. तुम्ही सत्यवादी आहात, सांगा, माणसं कुठे गेली? कौशिकाने जागा दाखवली. माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. कृष्णाचं म्हणणं सरळ आहे: गप्प राहून निभावत असेल तर गप्प राहावं, गप्प राहिल्याने संशयच येणार असेल तर खोटं बोललेलं बरं. प्रजेला धारण करतो तो धर्म, हे आपण भाषणांत सतत ऐकतो ते वचन इथलंच. पण एका सत्यवाद्याला नरकात पाठवल्यानंतर ते उच्चारलं गेलंय, हा संदर्भ भाषणांत बहुधा गाळलेला असतो.

अर्जुनापुढचा पेच तरी तसाच राहतो. मग कृष्ण पळवाट काढून देतो. थोरल्याला ‘तू’ म्हणून त्याचा अपमान केला की तो मेल्यातच जमा, तेवढं कर. अर्जुन सुरू होतो: तू रणापासून कोसभर लांब बसून मला बोलतोस? जुगार कोणी खेळला? बोलून होताच त्याला इतका पश्चात्ताप होतो की तो पुन्हा तलवार काढतो, या वेळी स्वतःसाठी. कृष्ण म्हणतो, स्वतःच्या तोंडाने स्वतःची स्तुती कर, तीच आत्महत्या. मग अर्जुन आपण केवढे मोठे धनुर्धर आहोत, एक शंकर सोडला तर आपल्या तोडीचा कोणी नाही, वगैरे सांगतो. इतकं झाल्यावर युधिष्ठिर बिछान्यावरून उठून वनात निघतो! त्याच्या पाया पडून समजूत काढायचं कामही शेवटी कृष्णालाच करावं लागतं.

हसू येतं, पण हे सगळं नाटक एका गोष्टीसाठी चाललंय. अर्जुनाने स्वतःशी घेतलेल्या शपथेची किंमत दुसऱ्याच्या मानेने चुकती होऊ नये, यासाठी. माझ्या मते धर्मसंकटाबद्दल महाभारत पुन्हा पुन्हा विचारतं ते हेच: तुझ्या व्रताचं बिल कोणाच्या नावावर फाडलं जातंय?

हा प्रश्न भीष्मांना लावून बघा. प्रतिज्ञा कशासाठी होती? सावत्र आई सत्यवतीच्या मुलांना राज्य मिळावं आणि पुढे भीष्मांच्या मुलाबाळांनी त्यावर हक्क सांगू नये, यासाठी. सत्यवतीचे शंतनूपासूनचे दोन्ही मुलगे, चित्रांगद आणि विचित्रवीर्य, निपुत्रिक गेले. म्हणजे प्रतिज्ञेचं कारणच उरलं नाही. जिच्यासाठी प्रतिज्ञा घेतली ती सत्यवती स्वतः विनवते आहे, आपद्धर्म, म्हणजे संकटकाळापुरता वेगळा धर्म बघ, वंशाचा भार उचल. आणि भीष्म उत्तर देतात की पृथ्वी गंध सोडेल, सूर्य तेज सोडेल, मी सत्य सोडणार नाही.

लहानपणी हे वाक्य ऐकून माझ्याही अंगावर काटा यायचा. आता मला पुढचं पान जास्त छळतं. नियोगासाठी, म्हणजे मेलेल्या नवऱ्याच्या वंशासाठी त्याच्या विधवेला दुसऱ्याकडून मूल व्हावं म्हणून, सत्यवतीच्या लग्नाआधीच्या मुलाला, व्यासांना बोलावलं जातं. विचित्रवीर्याची विधवा अंबिका शयनगृहात वाट बघत पडली आहे. सासूने दीर येईल एवढंच सांगितलेलं. तिच्या मनात भीष्म येतात, इतर कुरुवीर येतात. येतात ते जटाधारी, उग्र व्यास. ती भीतीने डोळे मिटून घेते ते शेवटपर्यंत उघडत नाही, म्हणून मुलगा आंधळा जन्मतो. भीष्मांचं सत्य शाबूत राहिलं, त्या रात्रीची भीती अंबिकेच्या वाट्याला आली. तिच्या बहिणीचं, अंबेचं तर विचारूच नका. स्वयंवरातून उचलून आणलेली, शाल्वाने नाकारलेली, आणि ज्याने आणलं तो म्हणतो, माझं ब्रह्मचर्य आहे. सूड घ्यायला तिला दुसरा जन्म घ्यावा लागला.

‘मग काय, ज्याने त्याने सोयीप्रमाणे वचनं मोडायची का?’ हा प्रश्न येणारच आणि तो रास्त आहे. त्याचंही उत्तर ग्रंथातच आहे, पण ते स्वस्त नाही. कृष्णाने युद्धात शस्त्र हाती घेणार नाही असं कबूल केलं होतं. तरी तिसऱ्या दिवशी तो चक्र घेऊन भीष्मांवर धावतो, नवव्या दिवशी नुसता चाबूक घेऊन. अर्जुन पाय धरून त्याला थांबवतो, तुझा शब्द खोटा होईल म्हणतो. सैन्य कापलं जातंय आणि आपली अब्रू स्वच्छ, हे कृष्णाला बघवत नव्हतं. युधिष्ठिर द्रोणांना अश्वत्थामा मेल्याचं सांगतो, हत्ती हा शब्द पुटपुटतो. त्याला सूट मिळते का? जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकतो, आणि शेवटी स्वर्गात गेल्यावर या कपटापायी त्याला नरक बघावा लागतो, थोडा वेळ का होईना. व्यासांनी त्याला फुकट सोडलेलं नाही. पण तो भोग त्याचा स्वतःचा आहे.

रामायणाच्या उत्तरकांडातला लक्ष्मण मला इथे हटकून आठवतो. राम काळाशी एकांतात बोलतोय, मध्ये येईल त्याला मृत्युदंड, असा शब्द दिलेला. दाराशी दुर्वास येऊन सगळ्या राज्याला शाप द्यायची धमकी देतात. लक्ष्मण विचार करतो, सगळ्यांपेक्षा मी एकटा गेलेला बरा, आणि आत जातो. रामाला शब्द पाळणं भाग आहे. तिथेही तोड निघते ती अर्जुनासारखीच: सज्जनाचा त्याग म्हणजे त्याचा वधच, म्हणून त्याग. पण इथे मला राम दुसरा वाटतो. पहिला लक्ष्मण. शब्द दुसऱ्याचा असून भार त्याने स्वतःवर घेतला.

म्हणून ‘शब्दाचा पक्का’ असं कोणाचं कौतुक ऐकलं की मी त्याच्या आजूबाजूच्या माणसांकडे बघते. घराण्याची रीत म्हणून मुलीला परत पाठवणारे, एकदा बोलून गेलो म्हणून दहा वर्षं भावाशी न बोलणारे, सगळेच आपापल्या मनात भीष्म असतात.

आणि गंमत म्हणजे शांतिपर्वात युधिष्ठिराला आपद्धर्म शिकवायला बसलेत ते भीष्मच. शरपंजरी पडल्या पडल्या. त्यासाठी स्वतंत्र उपपर्व आहे. बारा वर्षांच्या दुष्काळात भुकेने कासावीस झालेले विश्वामित्र चांडाळाच्या घरातून कुत्र्याची तंगडी चोरतात, तो घरमालक त्यांना धर्म शिकवू लागतो तेव्हा त्याच्याशी वाद घालतात, आधी जगलं पाहिजे मग धर्म, असं ठणकावतात. ही गोष्ट भीष्म अगदी रंगवून सांगतात. म्हणजे आपद्धर्म त्यांना ठाऊक नव्हता असं कोणी म्हणू नये. सत्यवतीने तोच शब्द वापरला तेव्हाही त्यांना तो नीट कळला होता. भीष्मांची बाजू घेऊन भांडायला येणाऱ्यांनी आधी एवढ्याचं उत्तर द्यावं, मग ‘काळ वेगळा होता’ वगैरे बोलू.