लग्नाला काय घालू नये आणि ते घालून कसे जावे

तुळशीचे लग्न लागले की माणसांच्या लग्नांचा मोसम सुरू होतो आणि आपल्या फोनवर अशा पत्रिका येऊ लागतात की ज्यांत मुहूर्ताची वेळ शोधावी लागते, पण पोशाखाचा आदेश मात्र पहिल्या नजरेत सापडतो. मेंदीला हिरवे, हळदीला पिवळे, संगीताला लखलखीत, लग्नाला पारंपरिक आणि स्वागतसमारंभाला पेस्टल, असा तो आदेश असतो. पेस्टल म्हणजे नेमके काय हे माहीत नसल्याने माझ्या एका मावशीने लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानात चौकशी केली, तेव्हा विक्रेत्याने आधी पिस्त्याच्या रंगाची साडी उलगडली, मग फिकी गुलाबी, मग फिकी जांभळी, आणि शेवटी "ताई, चार धुण्यांनंतर सगळ्याच पेस्टल होतात," अशी हमी दिली.

नेमक्या याच वेळी आपल्या मनात येते की आपला तो निळा, खरखरीत, हातमागाचा कुरता घालून जावे, कारण तो आपल्याला आवडतो. हा लेख आपल्यासाठी आहे. आपल्याला परावृत्त करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. उलट आपण तसे अवश्य जावे आणि जमल्यास पायांत कोल्हापुरी चपलाही घालाव्यात, असा माझा आग्रह आहे, कारण त्यातून आपल्या हातून जी समाजसेवा घडणार आहे तिची आपल्याला अजून कल्पना नाही.

कोणत्याही लग्नात अक्षता पडल्यापासून पंगत बसेपर्यंत (आता पंगत नसते, बुफेची रांग असते) तासाभराचा एक ओसाड काळ असतो. वधूवर छायाचित्रकाराच्या ताब्यात असतात. गुडघे, रक्तातली साखर आणि कुणाचा मुलगा अमेरिकेत कोणत्या व्हिसावर आहे, हे विषय पहिल्या वीस मिनिटांत संपतात आणि दोन्ही बाजूंचे पाहुणे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसतात. अशा वेळी आपण दारातून आत येता. दहा वर्षे एकमेकींशी अबोला धरून बसलेल्या दोन जावा आधी आपल्याकडे पाहतात, मग एकमेकींकडे पाहतात आणि मग त्यांतली एक उठून दुसरीच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसते. घराण्यांतली किती भांडणे अशा कुरत्यांनी मिटवली असतील, याची नोंद कुणी ठेवलेली नाही.

रंगाची निवड करताना काळ्याला प्राधान्य द्यावे. मंगलकार्यात काळे चालत नाही, हे आपल्याला चार जणी चार दिशांनी येऊन सांगतील. त्यांतल्या प्रत्येकीच्या गळ्यात काळ्या मण्यांचे मंगळसूत्र असेल आणि ज्या क्षणी त्या हे सांगत असतील, त्याच क्षणी स्टेजवर नवरदेव तसेच काळे मणी वधूच्या गळ्यात बांधत असेल. तरीही ही विसंगती आपण बोलून दाखवू नये. याच जणी संक्रांतीला नव्या सुनेला हौसेने काळी चंद्रकळा नेसवतात आणि तिला हलव्याच्या दागिन्यांनी सजवतात, हेही काढू नये. काळा रंग जानेवारीत शुभ असतो आणि आपण तो मे महिन्यात घालून आलात, एवढाच आपला गुन्हा आहे. उन्हाळ्याचा विचार करता त्याचे समर्थन मलाही करता येणार नाही.

हळदीचा विषय जरा सविस्तर घ्यायला हवा. ज्यांना जुनी लग्ने आठवतात त्यांना हेही आठवत असेल की हळदीच्या दिवशी घरातली सर्वांत जुनी साडी आणि विरलेला सदरा शोधून काढला जाई, कारण हळदीचा डाग जात नाही, हे ज्ञान घरोघरी होते. वराची उष्टी हळद वधूकडे जाई आणि त्या गडबडीत मांडवात जो सापडेल त्याचे गाल माखले जात. आता हळदीला नवे पिवळे कपडे लागतात, त्यांतले काही भाड्याने आणलेले असतात, आणि अनामत रक्कम परत मिळवायची असल्याने त्यांना हळद लागू न देण्याची जबाबदारी घरातल्या एखाद्या धडधाकट मुलीवर सोपवलेली असते. मेकअप केलेल्या वधूच्या गालाला बोटाचे टोक असे टेकवले जाते की जणू रंग वाळला आहे की नाही, हे कुणी तपासत आहे. झेंडू पिवळा, पडदे पिवळे, खुर्च्यांची आवरणे पिवळी, पाहुणे पिवळे. अशा समारंभाला आपण जुना, विटका, राखाडी सदरा घालून गेलात, तर त्या मांडवात परंपरा पाळणारे आपण एकटेच असाल, आणि "निदान आजच्या दिवशी तरी" या शब्दांनी सुरू होणारे वाक्यही आपल्यालाच ऐकावे लागेल. ते शांतपणे ऐकावे.

पारंपरिक या शब्दाचेही असेच आहे. बायकांनी नऊवारी सोडून पाचवारी नेसायला सुरुवात केली, तेव्हा घराघरांतल्या वडीलधाऱ्यांनी त्याला थेरे म्हटले होते. आज त्यांच्याच पणत्या शिवलेली नऊवारी विजारीसारखी पायांत चढवतात आणि बाजूची चेन ओढून परंपरा बंद करतात. दोन मिनिटांत अंगावर चढणाऱ्या वस्त्राला मी नावे ठेवणार नाही, कारण माझ्या आईला लुगड्याच्या निऱ्यांशी झटताना मी पाहिलेले आहे. मात्र आपण साधी सुती पाचवारी नेसून गेलात आणि ती आजीची आहे असे अभिमानाने सांगितलेत, तर "हो का, मग आजीची एखादी चांगली नव्हती का?" या प्रश्नाची तयारी ठेवावी.

पुरुष वाचकांनी फेट्याविषयीची आपली भूमिका घरूनच ठरवून निघावे. मंगल कार्यालयाच्या दाराशी फेटे बांधणारा बसलेला असतो आणि तो आपल्या डोक्याची संमती घेत नाही, डोके धरतो. एकदा मी नम्रपणे नकार दिला आणि साधा काळा कोट घालून आत गेलो. हल्ली वाढपीही काळा कोट घालतात, हे माझ्या लक्षात आले नव्हते. पहिल्या पाच मिनिटांत माझ्या हातात तीन उष्ट्या थाळ्या आल्या आणि एका आजोबांनी मठ्ठा मागितला. मी तो आणून दिला, कारण एवढ्या वयाच्या माणसाला भर लग्नात "मी वाढपी नाही" असे सांगणे मला उद्धटपणाचे वाटले. त्या संपूर्ण समारंभात माझ्या कपड्यांवरून मला कुणीही एक शब्द बोलले नाही. ज्यांना निव्वळ शांतता हवी आहे त्यांना हा मार्ग मी मनापासून सुचवतो.

बाकीच्यांची खरी कसोटी दारापासून स्टेजपर्यंतच्या तीस पावलांत लागते. या टापूत आपल्याला उघडपणे कुणी नावे ठेवत नाही, कारण आपण सुसंस्कृत लोक आहोत. इथे नावे नेहमी काळजीच्या कागदात गुंडाळून दिली जातात. "परस्पर ऑफिसातून आलीस का गं?" म्हणजे काय, "तब्येत बरी आहे ना?" म्हणजे काय आणि "सुटसुटीत वाटत असेल, नाही?" म्हणजे काय, हे आपल्याला कळते आणि आपल्याला कळले, हे विचारणारीलाही कळते. या सर्वांच्या वर "तुला काय, काहीही शोभतं हो" हे वाक्य आहे, ज्यातल्या "काहीही"वर पडणारा जोर लेखनात दाखवता येत नाही. पुण्याकडे त्या शब्दाला आवाज किंचित खाली येतो. नागपूरकडे मात्र "हे काय घालून आली वं?" असे सर्वांदेखत विचारतात आणि पुढच्या क्षणी ताट वाढायला घेतात, मला स्वतःला तो प्रकार प्रकृतीला अधिक मानवतो.

उत्तरादाखल हातमागाचे अर्थशास्त्र किंवा सुती कापडाचे गुण सांगण्याच्या भरीस पडू नये. फक्त किंमत सांगावी. हाताने विणलेला आणि नैसर्गिक रंगात बुडवलेला एक साधा कुरता किती रुपयांना पडतो, हे ऐकल्यावर समोरच्या चेहऱ्यावर जे घडते ते पाहण्यासारखे असते: क्षणापूर्वीचे पोतेरे त्या चेहऱ्यासमोर हळूहळू "क्लासी" होऊ लागते, दोन बोटे पुढे येऊन कापड चाचपतात आणि "तरीच!" असा उद्गार निघतो. कुरता दोनशे रुपयांचा असेल, तर गप्प राहून गूढ हसावे.

येथे स्त्री आणि पुरुष वाचकांना वेगवेगळ्या सूचना द्याव्या लागतात याबद्दल मी दिलगीर आहे, पण नियम मी केलेले नाहीत. पुरुषाने भलतेच काही घातले तर तो कलंदर ठरतो, "पहिल्यापासूनच तसा" असतो आणि त्याला जिलबीचा आग्रह जरा जास्तच होतो. स्त्रीने तेच केले तर प्रश्न तिला विचारले जात नाहीत. ते तिच्या आईला, सासूला आणि नवऱ्याला विचारले जातात आणि त्या तिघांनी घरी गेल्यावर त्यांचा हिशेब तिच्याकडून चुकता करून घ्यायचा असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पायांत जोडे घालून आणि हातात छत्री घेऊन रस्त्याने जाणाऱ्या बायकांची पुण्यात हुर्यो उडवली जाई. आज एखादी अनवाणी लग्नाला आली तर तीच माणसे तिला जोडे आणून देतील. हुर्यो काही संपलेली नाही. ती पायांवरून निघून आता ब्लाउजच्या बाह्यांपर्यंत पोहोचली आहे.

काही वाचकांना अशा प्रसंगी इतिहासाचा आधार घेण्याचा मोह होतो. 1888 मध्ये व्हिक्टोरिया राणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकरांनी पुण्यात मेजवानी दिली, तेव्हा जोतीराव फुले तेथे गरीब शेतकऱ्याच्या वेशात गेले. उंची पोशाखातल्या निमंत्रितांची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्यांनी त्यांना दारावर अडवले, यजमानांनी त्यांना आत नेले, आणि मग जोतीरावांनी भाषणात ड्यूकना सुनावले की येथे जमलेले हे नटलेले लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे. 1911 च्या दिल्ली दरबारात बडोद्याचे सयाजीराव गायकवाड जडजवाहीर न घालता साध्या पांढऱ्या पोशाखात बादशहासमोर गेले, एकदाच लवले आणि पाठ वळवून परतले. त्यावरून असा गहजब झाला की त्यांना व्हाइसरॉयकडे पत्राने खुलासा करावा लागला. ही दोन्ही उदाहरणे आपण आत्याबाईंना ऐकवलीत, तर त्या एवढेच विचारतील, "ते घरचं लग्न होतं का?" हा प्रश्न, खरे सांगायचे तर, बिनतोड आहे. बादशहाकडे पाठ फिरवता येते. आत्याबाईंकडे चैत्रात डाळ-पन्ह्याला पुन्हा जायचे असते.

कायद्याचाही फारसा उपयोग होणार नाही. 2014 मध्ये चेन्नईतल्या एका क्लबाने वेष्टी (म्हणजे तिकडचे धोतर) नेसून आलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनाच दारातून परत पाठवले, तेव्हा तामिळनाडू विधानसभेने त्याच वर्षी असा मज्जाव करणाऱ्यांविरुद्ध कायदा केला आणि त्यात कैदेची तरतूदही ठेवली. महाराष्ट्रात तसा कायदा झाला तरी तो दारावरच्या मज्जावापुरता असेल. आपल्याकडे दारावर अत्तर लावून, गुलाबाचे फूल देऊन आत घेतात आणि मग विचारतात.

सर्वांत मोठा पेच छायाचित्राचा असतो. नीट पाहिले तर आपल्या पोशाखावर कुणाचाही तात्त्विक आक्षेप नसतो. आक्षेप एवढाच असतो की चाळीस पेस्टलांच्या मधोमध हा एक निळा ठिपका अल्बममध्ये जन्मभर राहणार आहे. लग्नाच्या आदेशातले सगळे रंग शास्त्राने नव्हे, तर कॅमेऱ्याने ठरवलेले असतात आणि त्यामुळे आपला अपराध हा धर्माविरुद्धचा नसून चौकटीविरुद्धचा असतो. छायाचित्रकार आपल्याला आधी मागच्या ओळीत, मग टोकाला आणि मग एका उंच काकांच्या पाठीमागे नेईल. निमूटपणे जावे. रात्री कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहावर जे छायाचित्र येईल त्यात उजव्या कडेला एक निळी बाही दिसेल. तिला अंगठा दाखवून मोकळे व्हावे.

अशी चार-पाच लग्ने पार पडली की आपली ख्याती होते आणि आपल्याला कुणी काही म्हणेनासे होते. नवे पाहुणे आले की आपल्याकडे बोट दाखवून "हा आमचा असाच" अशी ओळख करून दिली जाते, जशी ती जुन्या वाड्यातल्या एखाद्या न चालणाऱ्या घड्याळाची करून देतात. या टप्प्यावर एक पथ्य कसोशीने पाळावे: भाच्याच्या हट्टाखातर एखाद्या लग्नाला भरजरी शेरवानी घालून जाऊ नये. गेलात तर "काय रे, घरी सगळं ठीक आहे ना?" असे विचारायला आत्याबाई भर गर्दीतून वाट काढत येतील, आणि त्या वेळची त्यांची काळजी खरी असेल.

एक नुकसान मात्र आपल्याला सोसावे लागेल. बस्ता बांधताना आपल्या नावावर काट मारली जाते. "त्याला काही घेऊ नका, तो घालत नाही," असे एकमताने ठरते आणि आपल्या वाट्याचा शर्टपीस-पँटपीस धाकट्या मेहुण्याला जातो. मेहुणा तो शिवत नाही. पुढच्या मार्गशीर्षात तो आपल्या साडूला करतो, साडू आपल्या चुलतसासऱ्यांना करतो, आणि अशा रीतीने तो पीस तीन-चार लग्ने खाऊन, खोक्यावर त्याच दुकानाचे नाव आणि कोपऱ्यात पहिल्या लग्नातला कुंकवाचा ठिपका घेऊन, कधीतरी आपल्याच हातात येतो. तेव्हा तो दोन्ही हातांनी घ्यावा, "रंग छान आहे" असे म्हणावे आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवावा. घडी मात्र मोडू नये.