जेडची भिंत, शेंदेलोण आणि काकांचा पत्रा

काका, (तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालो असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हटलेलं चालेल असं धरते.)

तुमची प्रतिक्रिया रागाने लिहिलेली असली तरी लेख शेवटपर्यंत वाचून लिहिली आहे, एवढ्यावरच मी खूश आहे. बाकीच्यांना वर शोधत बसायला नको म्हणून सांगते. कोरियातल्या जिमजिलबांगवर, म्हणजे तिथल्या सार्वजनिक सौनांवर, मी लिहिलं होतं. त्यावर काकांचे आक्षेप तीन. 'जेडच्या भिंतींतून शरीराला उपयोगी असे खास इन्फ्रारेड किरण निघतात' हे वाक्य मी बिनदिक्कत छापलं. गरम दगडांवर भाजलेली अंडी दगडातली खनिजं शोषून तपकिरी होतात, हेही छापलं. आणि तिसरा, सगळ्यात मोठा: हे दगड म्हणजे नुसती सजावट, पत्र्याच्या खोलीत हीटर लावला तरी तोच घाम येईल, परंपरा-बिरंपरा काही नाही, नव्वदनंतर निघालेला धंदा आहे.

पहिले दोन मान्य. तिसऱ्यावर भांडणार आहे.

किरणांचं वाक्य मी खोलीच्या दारावरच्या पाटीवरून जसंच्या तसं उचललं होतं. विचार केला असता तर कळलं असतं. सत्त्याहत्तर अंशांना तापलेली कुठलीही भिंत, जेडची असो की बाथरूमच्या टाइलची, सर्वात जास्त किरण टाकते ते सव्वाआठ मायक्रोमीटरच्या आसपास. आपल्या कातडीतूनही साडेनऊच्या आसपासचे किरण रात्रंदिवस निघतातच. त्यात जेडचं खास काही नाही. इथलं जेड म्हणजे नेफ्राइट, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोहाचं सिलिकेट. इथल्या छुनछन शहराजवळ त्याची खाण आहे, त्यामुळे या दगडाबद्दल लोकांना आपलेपणा आहे. पण कोरड्या भिंतीला पाठ टेकून त्यातलं मॅग्नेशियम अंगात शिरत नाही.

अंड्यांचं तर मी स्वतःच करून पाहिलं. त्या दगडाचं नाव मॅकबानसोक. पांढरे ठिपके असलेला, शिजलेल्या जवाच्या भाताच्या गोळ्यासारखा दिसतो, म्हणून 'जव-भात-दगड'. तुमची प्रतिक्रिया आली त्या रविवारी घरच्या प्रेशर राइस कुकरमध्ये आठ अंडी आणि थोडं पाणी घालून एकामागून एक तीन वेळा कुकर लावला. दगडाचा खडाही नाही. सोलून बघते तर पांढरं चहात बुडवल्यासारखं तपकिरी, चव भाजलेल्या चेस्टनटची. अंड्याच्या पांढऱ्यात थोडी साखर असते, ती प्रथिनांबरोबर तासन्‌तास तापली की रंग येतो. दूध आटवताना येतो तसाच. इथल्या बायका घरी असंच करतात, हे मला नंतर शेजारणीने हसत सांगितलं. तेव्हा ते वाक्य लेखातून काढलं आहे.

आता तुमचा पत्रा.

काका, एक घनमीटर दगड एका अंशाने तापवायला एक घनमीटर हवेच्या सुमारे दोन हजार पट उष्णता लागते, हे मी तुम्हाला काय सांगायचं. पत्र्याच्या खोलीत हीटर लावलात तर तापते ती हवा. दर दोन मिनिटांनी कोणीतरी दार उघडणार, हवा पळणार, हीटर पुन्हा लाल. त्याच्या समोर बसलात तर पापडासारखे एका बाजूने भाजणार, पाठ गारच. जिमजिलबांगमधली सगळ्यात कडक खोली, पुलगामा, म्हणजे दगड-मातीचा घुमट. जुन्या पद्धतीच्या पुलगामात आत पाइनची लाकडं जाळतात, निखारे काढतात, मग माणसं आत जातात. गोव्यात पोदेराची भट्टी पाहिली असेल तर हे वेगळं सांगायला नको: जाळ संपल्यावरच पाव आत जातो, आणि भाजतो तो भट्टीच्या अंगात साठलेल्या उष्णतेवर. इथे पावाच्या जागी आपण. वरून, बाजूंनी, खालून, सगळीकडून सारखी ऊब येते, आणि दार उघडलं तरी भिंतीला फरक पडत नाही. दगड औषध नसेल, पण दगड म्हणून त्याचं काम आहे. त्याला सजावट म्हणणं मला पटत नाही.

शिवाय सगळे दगड सारखे नाहीत. मिठाच्या खोलीचंच घ्या. गुलाबी विटा म्हणजे आपलं शेंदेलोण. जगभर विकलं जाणारं गुलाबी मीठ बहुतेक पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतलं असतं. पाटीवर इथेही किरणांची स्तुती. गंमत अशी की शुद्ध मीठ हे त्या किरणांना जवळजवळ पारदर्शक असतं. प्रयोगशाळेत इन्फ्रारेड तपासणीच्या यंत्रात मिठाच्या चकत्या खिडकीसारख्या वापरतात त्या याचसाठी, आणि जे शोषत नाही ते फारसं टाकतही नाही, हे तुम्हीच शिकवलं असणार. म्हणजे ज्या दगडाची किरणांसाठी सगळ्यात जास्त जाहिरात, तोच त्या कामाला सगळ्यात नालायक! पण मीठ उष्णता विटेच्या कितीतरी पट वेगाने वाहून नेतं. सारख्याच तापलेल्या भिंती असल्या तरी मिठाच्या भिंतीला उघडी कोपरं टेकवा आणि मग ह्वांगतोच्या, म्हणजे पिवळ्या मातीच्या. मीठ चटका देतं, माती हळूहळू शेकते. सत्तरीतल्या आज्ज्या मातीच्याच खोलीत का पसरलेल्या असतात, ते पाटी न वाचता कळतं.

'शेकते' म्हटलं ते मुद्दाम. 'जिमजिल' या शब्दाचा अर्थच शेक, आणि 'बांग' म्हणजे खोली. शेकाची खोली. कोरियनमध्ये बर्फाची पिशवी लावण्यालाही जिमजिलच म्हणतात, आणि आपणही बर्फाचा शेक म्हणतोच की. तव्यावर खडेमीठ तापवून फडक्यात बांधून दुखऱ्या कमरेला लावणारी आजी ज्यांच्या घरात होती, त्यांना मिठाची खोली परदेशी वाटू नये.

धंदा नव्वदच्या दशकातला, हे बरोबर. एकसारखे टी-शर्ट, मेंढीच्या शिंगांसारखी डोक्याला गुंडाळलेली टॉवेलं, रात्रभर झोपायची सोय, जेडची एक आणि कोळशाची एक अशा ओळीने खोल्या, हे सगळं नवं. पण घाम काढायची भट्टी, हानजुंगमाक, जुनी आहे. 1422 सालची सेजोंग राजाच्या दरबारातली नोंद आहे. आजारी माणसं बरं व्हायला घाम-घरात येतात आणि त्यातली कित्येक दगावतात, असं राजाच्या कानावर आलं. त्याचा हुकूम: याचा खरंच उपयोग होतो का ते विचारा. होत नसेल तर बंद करा. होत असेल तर जाणता वैद्य नेमा, त्याने रोज जाऊन बघावं आणि ज्याला झेपणार नाही त्याला परत पाठवावं. सहाशे वर्षांपूर्वी राजाने तुमचाच प्रश्न विचारला होता, काका. मी तो लेखात विचारला नाही, ही माझी चूक.

एका बाबतीत मात्र तुम्ही माझ्यावर फार सौम्य झालात. लेखात मी 'ऋण आयन (म्हणजे हवेतले ऋण विद्युतभाराचे कण) देणारे दगड' असा ओझरता उल्लेख केला होता, त्याला तुम्ही नुसतं 'थोतांड' म्हणून सोडून दिलंत. थोतांड असतं तर बरं झालं असतं. अशा वस्तूंत आयन तयार व्हावेत म्हणून कधीकधी मोनाझाइटची पूड घालतात. मोनाझाइट म्हणजे आपल्या केरळच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत सापडतं ते खनिज. त्यात थोरियम आणि थोडं युरेनियम असतं, आणि आयन तयार होतात ते किरणोत्सारामुळे. 2018 मध्ये कोरियात अशी पूड लावलेल्या गाद्यांतून रेडॉन हा किरणोत्सारी वायू निघत असल्याचं उघड झालं, घराघरांतून गाद्या परत मागवाव्या लागल्या, आणि पुढच्या वर्षी आयनच्या नावाखाली असले पदार्थ वापरायला कायद्याने बंदी आली. जेडच्या पाटीवर हसून सोडून देता येतं, या पाटीवर नाही. तो उल्लेख काढून तिथे हा परिच्छेद टाकला आहे.

शेवटी तुम्ही विचारलंत की ऑक्टोबरमध्ये लेकीकडे सोलला येताय, एवढं बोलल्यावर आता जावं की नाही. जा की! बीपीच्या गोळ्या चालू आहेत म्हणालात, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा, आणि विचारलंत तरी पुलगामात शिरू नका. तिथे लोक डोक्यावरून गोणपाट पांघरून बसतात ते उगाच नाही. प्रत्येक खोलीच्या दारावर तापमान लिहिलेलं असतं. पाटीवरची तेवढीच ओळ वाचा. पन्नासच्या आतली मातीची खोली निवडा, दहा मिनिटांनी बाहेर या, शिखे प्या. भाताचं गोड, गार पेय असतं, तुम्हाला आवडेल. बाहेर आल्यावर शेजारचा कोणी घामाघूम माणूस 'शिवोनहादा' म्हणेल. शब्दशः अर्थ 'गार वाटतंय'. त्यावर फिजिक्स काढू नका.

आणि टाचांना भेगा असतील तर मिठाच्या खोलीत मोजे काढू नका. मी काढले होते.